बाईंनी मागितलेलं एकच ऑपरेशन

बाई, तुम्ही खोटं बोललात. तेही माझ्या नावानं, आणि मला पत्ता लागू न देता.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला मी मांडवाच्या कडेला उभा होतो. भन्तेजींचं वंदन संपलं होतं. तुमच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या आणि तुमची सून त्या परत परत लावत होती. तेवढ्यात आपल्या खो-खोवाल्या अश्विनीचे वडील, भानुदासराव, माझ्याजवळ आले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "डाक्टर साहेब, बाईंचा गुडघा तुम्हीच केल्ता ना? बाईंनी सांगितलं म्हून पोरगी तुमच्या ताब्यात दिली. न्हाई तर म्या काय दिली नस्ती."

मी विचारलं, "काय सांगितलं बाईंनी?"

"म्हन्ल्या, माझा बी गुडघा असाच अडकल्ता. ह्याच डाक्टरनं उघडला, ह्यानंच नीट केला. आन् आमच्या अंगणात चालून दावल्या की. ह्या टोकापासून त्या टोकापोत्तर. बिलकुल सरळ."

बाई, मी तुमच्या गुडघ्याला कधीही सुरी लावलेली नाही. तुम्ही लावू दिली असती तर ना! वीस-बावीस वर्षं मी तुमच्या मागे लागलो होतो. दर दिवाळीला विचारायचो, "बाई, या वर्षी?" आणि तुम्ही चकलीचा तुकडा मोडत म्हणायचात, "या वर्षी न्हाई, डॉक्टर." उजवा पाय टाकताना तुमचा खांदा किंचित खाली जायचा. ते न जाऊ देता सबंध अंगण चालायचं म्हणजे किती कळ सोसावी लागली असेल, हे त्या मांडवात एकट्या मला कळलं. भानुदासरावांना मी "हो, मीच केला" असं सांगितलं. आता आपण दोघंही खोटारडे.

मांडवात चार जण तुमच्याबद्दल बोलले. आदर्श शिक्षिका, शिस्तीच्या, मुलींच्या खेळासाठी झटणाऱ्या. सगळं खरं होतं, तरी ऐकताना मला राग येत होता. मला राग यायला फार काही लागत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? तुमच्या तोंडाळपणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जुन्या जालन्यात तुम्हाला 'गुडघ्याच्या बाई' म्हणतात हे कुणी सांगितलं नाही. पाटीवर नाव माझं, पदव्या माझ्या, आणि ऑटोवाल्याला पत्ता सांगायचा तो 'गुडघ्याच्या बाईंचा दवाखाना'. मला हे आवडत नाही असं मी दाखवायचो. खरं सांगायचं तर मी स्वतःसुद्धा ऑटोत बसल्यावर तोच पत्ता सांगायचो.

जालना जिल्हा नवा झाला, त्या वर्षी तुम्ही मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून लागलात. घनसावंगीकडच्या तुमच्या वस्तीतून मैदानावरची नोकरी करणारी पहिली बाई. नऊवारीतल्या आयांच्या पोरी पाचवारीतल्या बाईंकडून कबड्डी काय शिकणार, म्हणून शाळेतले गुरुजी हसत होते. तुम्ही पदर खोचलात आणि स्वतः चढाईला गेलात. तिथंच गुडघा गेला. ही गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितलीत याचा हिशेब नाही, पण दर वेळी त्या चढाईत बाद केलेल्या पोरी एकीनं वाढत गेल्या. शेवटच्या वेळी तर तुम्ही अख्खा संघ गारद केला होता.

मी आलो तीन-चार वर्षांनी. भुसाराच्या दुकानावर माडी भाड्यानं घेतली, खाट टाकली, एक्स-रेचं जुनं यंत्र आणलं. तुम्ही एका विद्यार्थिनीला खांद्याचा आधार देत जिना चढून आलात, आणि नमस्काराच्या आधी काय म्हणालात? "गुडघ्याचा दवाखाना अन् जिन्यावर? डोकं ठिकाणावर हाय का, डॉक्टर?" मी तुम्हाला हाकलून देणार होतो. पुढं शाळा सुटली की तुम्ही रोजच यायला लागलात, आणि स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर तर दिवसभर. त्याच जिन्याच्या वरच्या पायरीशी खुर्ची टाकून बसायचात. येणारा कोणता पाय आधी टाकतो, कठड्याला कुठं हात लावतो, उतरताना आडवा होतो का, एवढं बघून तुम्ही आत चिठ्ठी पाठवायचात. 'डावा. आतली बाजू. पोरगा घाबरट.' मी एक्स-रे काढून, गुडघा वाकवून, पिळून, सगळी विद्या पणाला लावून शेवटी त्याच चिठ्ठीवर यायचो. घाबरट हेसुद्धा बरोबर निघायचं.

तुमच्याकडे त्या कामाची पदवी नव्हती. आतल्या खोलीत जुन्या पायजम्याच्या नाड्या बांधलेल्या वाळूच्या पिशव्या आणि एक बाकडं, एवढंच तुमचं सामान. त्यावर तुम्ही मांड्या घडवायचात. आधी मांडी कमवायची, मग सुरीचं बघू, हा तुमचा नियम, आणि त्यावरून आपलं रोज वाजायचं. मी म्हणायचो, बाई, गुडघा धरून ठेवणारं आतलं सूत तुटलं की ते वाळूच्या पिशवीनं शिवलं जात नाही. तुम्ही म्हणायचात, "तुटलेल्या सुतावर म्या पंचवीस वर्सं उभी हाय. पडले का?" मग मी कंपाउंडरवर ओरडायचो.

नंतर पुण्याचे डॉक्टर यायला लागले. महिन्यातून दोनदा, शनिवारी, गाडीच्या डिकीत दुर्बिणीच्या पेट्या घालून. दोन बारीक भोकांतून गुडघ्याच्या आत बघायचं आणि आतच काम उरकायचं. माझ्या काळी आम्ही गुडघा सरळ उघडत असू. त्यांचं काम बघून मी माझ्या सुऱ्या गुंडाळून ठेवल्या आणि त्यांच्या हाताखाली उभा राहायला लागलो. कबड्डीवाले, खो-खोवाल्या, तालमीतले, पोलीस भरतीची तयारी करणारे, सगळ्यांची यादी आपण करायचो. ही ऑपरेशनं काही जिवावरची नसतात. हाड मोडलं की त्याच दिवशी बघावं लागतं. हे गुडघे मात्र तारीख ठरवून, परीक्षा, सुगी, लगीनसराई बघून करायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी एकदा व्यायाम करून आलेल्या पोरीची मांडी चाचपून विचारलं होतं, "तुमच्याकडे फिजिओथेरपिस्ट कोण?" मी म्हणालो, "आमच्या बाई." तुम्ही दाराआड उभ्या होतात. चेहरा असा केलात की काही ऐकलंच नाही. दिवसभर मात्र कुणाशी भांडला नाहीत.

आणि मग गेल्या पावसाळ्यात स्वाइन फ्लूची साथ आली. सगळ्या जगात आली होती, पण आपल्या लोकांच्या लेखी ती पुण्याहून आली होती.

पहिल्या आठवड्यात गंमत वाटली. जग तोंडाला फडकं बांधून फिरत होतं आणि मी म्हणत होतो, आम्ही तर जन्मभर बांधतोय. ज्याच्या त्याच्या खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. मग तो शनिवार आला. पुण्याचे डॉक्टर आले, एमएच बारा नंबरची गाडी गल्लीत उभी राहिली आणि खालचा भुसारवाला हात जोडून वर आला. "डॉक्टरसाब, गाडी उधर लगाव ना. गिऱ्हाईक दुकानात येईना." त्या दिवशी चार ऑपरेशनं ठरलेली होती. चौघांपैकी एकही आला नाही. एकाच्या घरून फोन आला, "पायाचं जाऊ द्या, पुण्याच्या माणसाचा हात नको लागाया." डॉक्टर बिचारे दोन कप चहा पिऊन परत गेले. पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. त्यांच्याकडेही ठरवून करायची सगळी ऑपरेशनं थांबवली होती. परत कधी येतील ते त्यांनाही सांगता येईना.

जिना ओस पडला. तालुक्याचे सामने पुढे ढकलले, म्हणजे नवे गुडघेही येईनात. मोडलेली हाडं येत होती, बैलगाडीवरून पडलेले येत होते, कारण त्यांना साथ असो नसो यावंच लागतं. खेळाडूंपैकी मात्र कुणी फिरकेना. तुम्ही रोज वरच्या पायरीशी बसायचात आणि खाली बघायचात. यादीत चौदा नावं होती. मी कंपाउंडरला सांगून सगळ्यांना फोन करवले, शाळांना निरोप दिले. खेळ बंद आहेत, गुडघ्याला आपोआप आराम मिळेल, पुढची तारीख कळवू. शहाणपणाचं काम केलं अशा थाटात मी ते तुम्हाला सांगितलं.

तुम्ही कपाळावर हात मारलात. "आराम? श्रावणात?"

"मैदान बंद आहे, बाई."

"मैदान बंद हाय, शेत बंद हाय का? शाळेला सुट्टी दिली म्हंजी पोरी कुठं गेल्या असतील? कापसात खुरपायला. दिवसभर उकिडव्या बसून सरकून राह्यल्या असतील. त्या गुडघ्याला याच्यापरीस वाईट काय हाय, सांगा."

बाई, माझा जन्म घनसावंगी तालुक्यातला. माझी आई जन्मभर खुरपत होती. हे मला सुचू नये? पंचवीस वर्षं शहरात दवाखाना चालवला की गुडघा दिसतो आणि त्याच्या वरचा माणूस दिसत नाही, असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण नजरेनं म्हणालात. दुसऱ्या दिवशी यादीची नक्कल केलीत, पिशवीत वाळूच्या दोन पिशव्या टाकल्या आणि काळी-पिवळी जीप पकडून निघालात. मी म्हणालो, साथ आहे, जीपमध्ये माणसावर माणूस बसतो. तुम्ही पदर नाकावर ओढून घेतलात आणि म्हणालात, "झालं. आता तुमच्यासारखी डॉक्टर दिसून राह्यले का न्हाई?"

तीन आठवडे तुम्ही फिरलात. घनसावंगी, जांब समर्थ, अंबडकडची गावं. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या शाळेच्या व्हरांड्यात. खुरपताना बसायचं नाही, वाकून लांब दांड्याच्या खुरप्यानं करायचं, हे पोरींच्या आयांना पटवायचं, आणि वाळूच्या पिशव्या कशा शिवायच्या ते दाखवायचं. संध्याकाळी येऊन मला एकेका गुडघ्याची खबर द्यायचात. मी वरवर हूं हूं करायचो. तुम्ही गेल्यावर ती वहीत लिहून ठेवायचो.

आणि चौथ्या आठवड्यात तुम्ही अश्विनीला घेऊन आलात.

मी आतून ऐकलं, जिन्यावर एकच पाय वाजत होता. मागून भानुदासराव, त्यांच्या हाताला धरून पोर एका पायावर उड्या मारत चढत होती. खो-खोची पोरगी, अकरावीतली, विभागाच्या संघात निवड झालेली. गुडघ्यातली गादी फाटलेली आहे हे आपल्याला आधीच माहीत होतं. म्हणून तर ती यादीत होती. पण तेव्हा ती चालत होती, पळतही होती. आता कापसाची ओळ खुरपून उठताना गुडघा अडकला होता आणि आठ दिवस झाले तो सरळच होत नव्हता. गावात कुणीतरी सांगितलं होतं, अमक्या गावी एक जण पाय ओढून सरळ करतो. रविवारी तिकडे न्यायचं ठरलं होतं.

तुम्ही आत आलात आणि दार लावून घेतलंत. "पाय लांब केला की रबरावाणी परत येतो. म्या जोर लावला न्हाई. गादीचा तुकडा उलटून मधी बसलाय. त्यो ओढणारा ओढंल तर राह्यलेली बी फाटंल, अन् हाडावरची कातडी बी जाईल. डॉक्टर, हिला मांडी कमवून उपेग न्हाई. करा. आज न्हाई तर उद्या सकाळी करा."

मी गुडघा बघितला. तुम्ही म्हणालात तेच होतं, अक्षरही चुकलं नव्हतं. आणि मी तुम्हाला म्हणालो, "आपण थोडं थांबू."

तुमचा चेहरा मला आत्ताही दिसतो. मी कारणं दिली. साथ आहे. दुर्बीण नाही. पुण्याला पाठवू या. तुम्ही म्हणालात, पुण्याला तिचा बाप नेणार नाही, अख्खं गाव त्याला वाळीत टाकेल. मी म्हणालो, औरंगाबादला. तुम्ही म्हणालात, तिथं मी परवाच जाऊन आले, तापाच्या रांगा लागल्यात, गुडघा म्हटलं की दोन महिन्यांनी या म्हणतात. मी म्हणालो, मग पुण्याचे डॉक्टर येईपर्यंत. ते कधी येणार, हे तुम्ही विचारलं आणि मी यादी चाळायला लागलो.

"डॉक्टर," तुम्ही म्हणालात, आणि आवाज चढवला नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. "इतकी वर्सं म्या थांबा थांबा म्हन्ले तवा तुम्ही ऐकलं न्हाई. आज म्या करा म्हणून राह्यले, तर तुम्ही थांबा म्हणता? दुर्बीण आल्ती त्याच्या आधी काय करत व्हता? उघडतच व्हता ना?"

"त्याला आठ-नऊ वर्षं झाली, बाई."

"सायकल बी आठ वर्सांनी येतीच की," असं म्हणून तुम्ही बाहेर गेलात आणि भानुदासरावांना सांगितलंत, उद्या सकाळी सातला, उपाशीपोटी. मी अजून हो म्हटलं नव्हतं. त्यांना शब्द तर तुम्ही आदल्या दिवशीच, त्यांच्या अंगणात, देऊन बसला होतात. हे मला परवा कळलं. बरंच झालं. तेव्हा कळलं असतं तर मी तुमच्यावर एवढा ओरडलो असतो की तो आवाज खाली भुसारवाल्याच्या पोत्यांपर्यंत गेला असता, आणि मग भानुदासरावही पोरीला घेऊन निघून गेले असते.

सकाळी भूल देणारे डॉक्टर आले, कमरेत इंजेक्शन दिलं. पोर जागी होती. तुम्ही तिच्या उशाशी स्टूल ओढलंत, तिचा हात धरलात आणि म्हणालात, "संघातल्या पोरींची नावं घे. बारा जणींची. आधी मैदानात पाटीवर बसणाऱ्या आठ, त्याच क्रमानं." ती नावं घेत होती आणि मी गुडघा उघडला. तुकडा तिथंच होता, उलटून खाचेत बसलेला. नीट बघितलं तर गादी कडेच्या बाजूनं फाटली होती, जिथं रक्त पोचतं. म्हणजे काढून टाकायची गरज नव्हती, शिवता येणार होती. मी तुकडा जागेवर बसवला आणि शिवला. एकेक टाका. मधेच पोरीला एक नाव आठवेना, तर तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, ती खो द्यायला उशीरच करती." भूलवाले डॉक्टर हसले. मी हसलो नाही, पण टाका चांगला बसला. शेवटी मी पाय हातात घेऊन हळूच लांब केला. तो सरळ झाला.

पुढचे चार महिने तुमचे. कुबड्या, पट्टा, वाळूची पिशवी, शिव्या. आता ती मैदानाभोवती पळते. अजून खांबाशी सूर मारू दिलेला नाही. उन्हाळ्यानंतर बघू असं तुम्हीच ठरवलं होतं. परवा तुमच्या फोटोपुढं पंचांग प्रणाम करायला ती गुडघ्यांवर बसली, टाचांवर रेलली, कपाळ जमिनीला लावलं आणि कशालाही न धरता उठली. मी डॉक्टर आहे, मी रडत असलो तरी हेच बघणार. बाई, तुमचं काम फार सुंदर झालंय. अख्ख्या मांडवात मला एकट्याला त्याचा गर्व झाला आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

साथ ओसरली. दिवाळीनंतर पुण्याचे डॉक्टर आले, गाडी पुन्हा गल्लीत उभी राहिली आणि भुसारवाल्यानं त्यांना चहा पाजला. आपण यादी काढली. चौदातली एक अश्विनी झाली होती. पाच जण म्हणाले, आता नको, चालतंय, पळतोय, मांडी बसलीये. पोलीस भरतीवाला तर उद्याच करा म्हणून मागे लागला. एकीचं मधल्या काळात लग्न ठरलं होतं; तिच्या घरी आता गुडघ्याचं नावच कुणी काढू देईना. तिच्याकडे तुम्ही दोनदा जाऊन आलात आणि दोन्ही वेळा तशाच परतलात. बाकीच्यांची ऑपरेशनं एकामागून एक झाली. माझे एक डॉक्टर मित्र म्हणाले, त्या पाचांचा सुंठेवाचून खोकला गेला. मी म्हणालो, सुंठ होती, जीपनं फिरत होती.

त्या पाचांवरून आपलं भांडण राहिलंच. मी म्हणतो, आत्ता पळतायत, पण ज्यांचं सूत तुटलंय त्यांचा गुडघा दहा वर्षांनी झिजेल आणि मग माझ्याकडेच येतील. तुम्ही म्हणत होतात, साथ आली नसती तर तुम्ही पाचांच्या पाच कापले असते, अन् ते बी विनाकारण. कोण बरोबर, हे तेव्हा ठरलं नाही. "दहा वर्सांनी बघू," तुम्ही म्हणालात. त्याला दोन महिनेसुद्धा झाले नाहीत तोच तुमच्या हृदयानं एका दुपारी, ताक पिता पिता, काम थांबवलं. आता ते दहा वर्षांनंतरचे गुडघे मला एकट्याला बघावे लागणार. तुम्ही बरोबर निघालात तर कबूल करायला कुणी नाही, आणि मी बरोबर निघालो तर त्यात काय मजा? वाद असा अर्धवट टाकून जाणं हे तुमच्या शिस्तीत बसत नाही.

कालपासून आतल्या खोलीत अश्विनी येऊन बसते आहे. कुणी बोलावलं नव्हतं. कॉलेजमधून येते, येणाऱ्या पोरींना पिशव्या बांधून देते, मोजून उचलायला लावते. काल एका मुलाला तिनं असं झापलं की मी चमकून दार उघडलं. मग बंद केलं, आणि बराच वेळ पेशंट आत घेतला नाही.

एक गोष्ट राहिली. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. घरी बायकोलाही नाही.

ऑपरेशन झाल्यावर पोरीला खाटेवर हलवलं, भूलवाले डॉक्टर गेले, आणि आपण दोघं बाहेर येऊन बसलो. कंपाउंडरनं चहा आणला. तुम्ही बशीत ओतलात, फुंकर घातलीत आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, "डॉक्टर, भ्याव वाटलं का?"

चोराच्या मनात चांदणं. मी लगेच म्हणालो, "कशाचं? साथीचं? छे!"

"साथीचं न्हाई विचारलं म्या."

मी म्हणालो, चहा थंड होतोय. तुम्ही चहा प्यालात. पुन्हा विचारलं नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरच्या चार महिन्यांतही नाही. मला वाटत होतं, कधीतरी सांगू, घाई काय आहे.

हो बाई, वाटलं होतं. साथीचं नव्हतंच. साथ माझ्या पथ्यावर पडली होती. थांबा म्हणायला तिच्याइतकं चांगलं कारण मला कुठं मिळालं असतं? मला माझ्या हातांचं भय वाटत होतं. आठ-नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली उभा राहून ते म्हातारे झालेत असं मला वाटत होतं, आणि त्या पोरीचा गुडघा माझ्या हातून कायमचा बिघडेल या भीतीनं मी रात्रभर झोपलो नव्हतो. सकाळी हात स्वच्छ झाले तरी मी धुतच राहिलो. मी नळ बंद करत नव्हतो, कारण नळ बंद केला की आत जावं लागलं असतं. मग आतून तुमचा आवाज आला, "घे गं, पहिलं नाव घे," आणि मी नळ बंद करून आत गेलो.